फुकट लॅमिनेशन नको रे बाप्पा!

दुकानाचं नाव टाकत नाही. मालक माझ्या साडूच्या ओळखीतला आहे आणि पुढच्या महिन्यात मला पुन्हा त्याच्याच दारात जायचं आहे. एवढं सांगतो, की वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या ओळीत, कृषी केंद्राला लागून हे दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, मोबाइल रिपेअरिंग, पीक विमा असं एकाखाली एक लिहिलंय. सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘जुन्या कागदपत्रांचे स्कॅनिंग करून मिळेल’. त्या खालच्या ओळीपायी मी सहा चकरा मारल्या. गावाहून जायला-यायला मला फुल तिकीट. बायांना 2023 पासून एसटीत अर्धं आहे. ‘मलेच पाठवलं असतं तं तीन चकरायचे पैसे वाचले असते,’ हे घरची अजून ऐकवते.

माझा फाट्यावर पानठेला आहे. खर्रा घोटता घोटता गावातलं राजकारण आपसूक कानावर पडतं. 2016 ला जिओचं सिम गावात आलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर गावाचा ग्रुप काढायचं काम म्हणूनच माझ्या गळ्यात पडलं असावं. तेव्हापासून ॲडमिन मीच. हरवलेली गाय, कापसाचा भाव, मयतीची वेळ, ग्रामसभेची नोटीस, आणि रोज सकाळी गुलाबाची चाळीस फुलं. त्याच्याही आधी पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या पोट्ट्यांनी ऑर्कुटवर गावाची कम्युनिटी काढली होती. यात्रेचे फोटो होते, पोळ्याचे होते. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं आणि आमच्यातल्या एकानंही एक फोटो उतरवून ठेवलेला नव्हता. गेलं ते गेलं.

दुसरा ठेवा बाबांचा. बाबा गावचे कोतवाल होते. दवंडी द्यायची, चावडीवर कागद डकवायचा, आणि त्याची एक जास्तीची प्रत घरी आणून पत्र्याच्या पेटीत टाकायची. ‘लोकं मंग इचारतेत, कागद कुठी हाय म्हून,’ एवढंच त्यांचं म्हणणं. जुन्या मतदारयाद्या, वॉर्डाच्या नोटिसा, दुष्काळाच्या कामाचे कागद. काही कागदांच्या पाठीवर पेन्सिलीनं त्यांचं स्वतःचं टिपण: कोण भांडलं, कोण आलंच नाही. डांबरगोळ्या टाकत राहिलो म्हणून उधई लागली नाही.

आता हे सगळं यंदाच का काढलं, ते सांगतो, नाहीतर दुकानाचा रिव्ह्यू कळणार नाही.

आमची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. दीड हजाराच्या वर, तीन हजारापर्यंत वस्ती असली की नऊ सदस्य. तीन वॉर्ड, दर वॉर्डात तीन जागा. नाल्याच्या अल्याड गावठाण, पल्याड बंजारा तांडा. तांडा आजवर अख्खा वॉर्ड 3 मध्ये. यंदा प्रारूप प्रभागरचना फलकावर लागली, तर रेष नाल्यावरून उचलून तांड्याच्या मधोमध गेलेल्या नव्या सिमेंट रस्त्यावर आणून ठेवलेली. अर्धा तांडा 1 मध्ये, अर्धा 3 मध्ये. आकड्यात बघाल तर चूक काढता येत नाही. लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण होईल तितकं सगळीकडे सारखं ठेवायचं, असं 73व्या घटनादुरुस्तीनं सांगितलंय आणि ते सारखंच होतं. पण आमच्याकडं एका मतदाराला वॉर्डातल्या जागा तितकी मतं. वॉर्डात ज्यांची वस्ती जास्त, तिन्ही माणसं त्यांचीच येतात. अर्धा तांडा 1 मध्ये कमी, उरलेला 3 मध्ये कमी. म्हणजे नऊ जणांत तांड्याचा एकही नाही. हे समजायला माझ्या ठेल्यावर बसणाऱ्या कोणालाच कॅल्क्युलेटर लागला नाही.

रेष सरकली की काय होतं, हे वाशीमवाल्यांना वेगळं सांगावं लागतही नाही. 2008 च्या फेररचनेत आमचा वाशीम लोकसभा मतदारसंघच पुसला गेला. 2009 ला मत दिलं ते यवतमाळ-वाशीम नावाच्या नव्या मतदारसंघात. विदर्भाचे खासदार 11 होते ते 10 झाले, आमदार 66 होते ते 62. राज्याचे 48 आणि 288 तेवढेच राहिले. आपल्याकडचे पाच जण लोकसंख्या जिकडं वाढली तिकडं गेले, आणि तेही नियमानंच. त्यात कोणाला दोष द्यायचा? पण खासदाराला भेटायला जाणं लांब पडलं ते पडलंच.

तांड्याचं आणखी एक दुखणं आहे. वॉर्ड पाडायला अजूनही 2011 ची जनगणना धरतात. ती मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीला. तेव्हा तांड्यातली निम्म्याहून जास्त घरं कुलूपबंद, माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात. मोजणीचे सगळे दिवस जो बाहेर, त्याची गणती जिथं सापडला तिथं. म्हणजे आमच्या तांड्याची माणसं कोणत्या तरी साखर कारखान्याच्या परिसरात मोजली गेली. बाबांच्या पेटीतली त्या वेळची मतदारयादी काढून पाहिली, तर यादीत तांड्याचे जेवढे मतदार, जनगणनेत पोराबाळांसकट जवळपास तेवढीच माणसं. म्हणजे पोरं नाहीतच की काय तांड्यात? आणि पुढची गणती 2027 च्या फेब्रुवारीत. कोयता तेव्हाही तिकडंच असणार.

तर हरकत घ्यायची ठरली, आणि मी पिशवी घेऊन दुकानात गेलो. पिशवीत बाबांचे कागद, एक सीडी, आणि माझा जुना फोन. त्याची स्क्रीन अर्धी काळी पडली होती, बाकी जीव होता.

पहिली चकर एक नंबर. मालक साठीच्या आसपासचा, पूर्वी डीटीपी करायचा. त्यानं कागद हातात घेतल्याबरोबर ठेल्यावर तंबाखू निवडावी तसे ते वेगळे केले: हे जाड, हे झिरझिरीत, हे घडीवर फाटलेले. दुकानात कागद आपोआप ओढून घेणारं मोठं मशीन होतं. मी म्हटलं, यातून काढा, लवकर होईल. तो म्हणाला, ‘भाऊ, हे तुमच्या बाबाचा कागद खाऊन टाकंन.’ मग एकेक कागद हातानं काचेवर ठेवला. गंजलेल्या टाचण्या ओढून नाही काढल्या, नखानं टोकं सरळ करून सोडवल्या. कागद काळा-पांढराच दिसतो तर स्कॅनही काळा-पांढराच कर, असं मी म्हणत होतो. त्यानं ऐकलं नाही. रंगीत, 300 डीपीआयवर, दोन्ही बाजू. घरी येऊन मोठं करून पाहिलं तेव्हा त्याचं बरोबर निघालं. पेन्सिलीची अक्षरं रंगीत स्कॅनमध्येच दिसतात, काळ्या-पांढऱ्यात ती कागदाच्या मळात मिसळून जातात. एका पानाचे 5 रुपये, मोठ्या नकाशाचे 20. मुंबई-पुण्याचा भाव मला माहीत नाही, मला परवडला.

एक खोट तिथंही होती. सगळी पानं त्यानं एकाच पीडीएफमध्ये कोंबली आणि व्हॉट्सॲपवर जावी म्हणून ती फाइल दाबून लहान केली. घर नंबरातला 3 आणि 8 ओळखू येईना. दुसऱ्या चकरेला सुट्ट्या फाइली मागून घेतल्या. मागितल्यावर दिल्या, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पण मूळ स्कॅन तो दोनच दिवस ठेवतो, मग मशीन साफ. तुम्ही गेलात तर दाबलेली पीडीएफ घेऊन निघून येऊ नका, तिथंच बसून सुट्ट्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या.

सीडीची गंमत वेगळी. 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या समितीनं गावाची वस्तीवार घरयादी टाइप करून घेतली होती. तांड्यातलं एकेक घर, नाल्यापासून कितवं, तेही त्यात. सीडी गावात कोणाच्याच लॅपटॉपला लागेना, कारण नव्या लॅपटॉपला ती घालायची जागाच नाही. दुकानात बाहेरून जोडायचा ड्राइव्ह होता. सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि उघडली. आत पाहतो तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. कंस, टक्के, प्रश्नचिन्हं. माझ्या पोटात गोळा आला. मालकानं चष्मा वर केला, दोन ओळी पाहिल्या आणि म्हणाला, ‘ही श्रीलिपी हाय.’

युनिकोड गावोगावी पोचायच्या आधी मराठी अशीच टाइप व्हायची. आत अक्षर इंग्रजीचंच, फक्त फॉन्ट त्याला मराठीचा अंगरखा घालायचा. फॉन्ट गेला की अंगरखा गेला. आपल्याकडच्या किती पतसंस्थांचे अहवाल, किती स्मरणिका अशा उघड्या पडल्या असतील! या माणसानं मात्र त्याचं 2005 च्या आसपासचं मशीन फेकलं नव्हतं. आतल्या खोलीत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागं, झबल्यात गुंडाळून ठेवलेलं. ते चालू व्हायला बारा मिनिटं लागली, चहा झाला तेवढ्यात. यादी उघडली, त्यानं ती युनिकोडमध्ये बदलली, रफार आणि जोडाक्षरं जिथं फुटली तिथं हातानं दुरुस्त केली, आणि कागदावरही छापून दिली. या एका कामासाठी मी त्याला पाचपैकी सहा तारे दिले असते.

मग तिसरी चकर.

बाबांच्या कागदात वॉर्डाची एक जुनी नोटीस होती, सायक्लोस्टाइल केलेली. ‘नाल्यापलीकडील संपूर्ण तांडा’ असे शब्द तिच्यात स्पष्ट. माझ्या हरकतीचा जीव तोच कागद. मी गेलो तर मालक बाहेरगावी. त्याच्या पोट्ट्यानं हसत हसत माझ्या हातात तो कागद ठेवला, लॅमिनेट करून. ‘काका, लय जुना होता ना, खराब झाला असता. पैसे नाई घेत, आपल्याकडून फुकट.’

काय बोलू? कागद तापलेल्या रोलरमधून गेला होता. जुन्या घड्या इस्त्री केल्यासारख्या कायमच्या बसलेल्या, एका कडेची शाई प्लास्टिकला चिकटून पसरलेली. आता ते प्लास्टिक काढायला जाल तर कागदही सोबत निघेल. पोट्ट्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडं मार्कशीट, आधार, कुळाचा दाखला, सगळं लॅमिनेट करून भिंतीवर लावायची रीत आहे आणि तो ती पाळत होता. पण ज्या कागदाला हात लावायचा, त्याच्या धन्याला विचारशील की नाही? आधी स्कॅन झालं होतं म्हणून वाचलो. आता माझ्या पेटीवर मार्करनं लिहिलंय: लॅमिनेशन करू नये. तुम्हीही गठ्ठ्यावर वरचा कागद लावून ठळक लिहून द्या, तोंडी सांगू नका.

हे परवडलं म्हणावं असं पुढं झालं.

फोनमधले फोटो काढायचं काम त्याच पोट्ट्याकडं. मागच्या वेळची निवडणूक 15 जानेवारी 2021 ला झाली, पण तिची वॉर्डरचना करोनाच्या आधी, 2020 च्या सुरुवातीलाच लागली होती. फलकावर डकवलेल्या नकाशाचा फोटो ग्रुपवर आला होता, हे मला पक्कं आठवत होतं. व्हॉट्सॲपमधून ग्रुप एक्स्पोर्ट करून पाहिला, पण आमच्या ग्रुपवर इतका कचरा की फोटोंसकट मागितलं तर अलीकडचंच निघे, 2020 पर्यंत पोचतच नव्हतं. म्हणून फोनच्या पोटातलं फोटोंचं सगळं फोल्डरच काढायचं ठरलं. पोट्ट्यानं संध्याकाळपर्यंत काढून दिलं. पेनड्राइव्हवर फोल्डर, त्याला गावाचं नाव, आणि आत फाइली: गाव 1, गाव 2, गाव 3, अशा दोन हजाराच्या वर. ‘काका, ती वाकडीतिकडी इंग्रजी नावं होती ना, सारी एका झटक्यात सरळ करून टाकली.’

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट शाबासकी दिली आणि दोन खर्रे दिले.

घरी रात्री नकाशाचा फोटो सापडला. गाव 1164. हरकतीत लिहायला तारीख पाहतो तर तारीख कुठंच नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या आत तारीख, जागा काही उरत नाही, ते वाटेतच काढून टाकलं जातं. तारीख असते ती फक्त त्या वाकड्यातिकड्या नावात: आयएमजी, मग वर्ष-महिना-दिवस सलग आठ आकडे, मग डब्ल्यूए आणि नंबर. तेच नाव पोट्ट्यानं सरळ केलं होतं. सकाळी फोन केला तर म्हणतो, ‘प्रॉपर्टीमधी पाहा ना काका, असते.’ पाहिलं. परवाची होती, त्यानं फोल्डर काढलं त्या दिवसाची. आणि त्यानं कॉपी नव्हतं केलं, कट करून पेस्ट केलं होतं. फोन रिकामा. फोन हलका झाला म्हणून मीच खूश होऊन आलो होतो.

ग्रुपवर टाकलं, 2020 चा वॉर्डाचा नकाशा कोणाकडं आहे? दुपारपर्यंत सात जणांनी पाठवला. ठेल्यावर बसून एकेक उघडतो, सगळ्यांवर आजची तारीख. नव्यानं पाठवला की फोटो नव्या नावानं उतरतो.

इथं एक कबुली द्यायला हवी. 2020 मध्ये या ग्रुपवर तांड्यातलं फारसं कोणी नव्हतंच. तेव्हा एका ग्रुपमध्ये 256 च माणसं मावायची आणि गावठाणातल्या पोट्ट्यांनी पहिल्या महिन्यातच तो भरून टाकला. कोणाला काढायचं मी टाळत राहिलो, तांड्यानं आपला वेगळा ग्रुप काढला. 2022 ला मर्यादा 1024 झाली तेव्हा मी त्यांना इकडं जोडलं. नऊ जागांवरून आज एवढं बोलून राहिलो, पण सहा वर्षं माझ्याच हातातल्या 256 जागांत तांड्याला जागा नव्हती. कोणी बोललं नाही, म्हणून मला दिसलं नाही.

आणि ज्या ग्रुपमधून ते वगळले गेले, त्याचा फोटो बिनतारखेचा झाला. त्यांच्या ग्रुपमधला टिकला.

तांड्याच्या नाईकाची सून बारावी शिकलेली. 2020 च्या फेब्रुवारीत तिचा नवरा, सासरा, सगळे फडात होते, ती लहान पोर घेऊन घरी. फलकावरच्या नकाशाचा फोटो तिनंच काढून तांड्याच्या ग्रुपवर टाकला होता, म्हणजे तिकडं उसात उभ्या असलेल्यांना आपलं घर कुठं पडलं ते कळावं. तो संदेश आलेला जुना फोन सासऱ्याचा, आता पोरगं त्याच्यावर कार्टून पाहतं. मी गेलो, म्हटलं, पाठव तो फोटो.

‘पाठवत नाई काका,’ ती म्हणाली. ‘पाठवला का त्याचं नाव बदलते. तुम्ही वायर आणा.’

जे तालुक्याच्या दुकानाला कळलं नाही ते हिला माहीत होतं. तिनं फाइल दाखवली: आयएमजी-20200206-डब्ल्यूए0011. त्याच्या खाली सासऱ्याचा आवाजी निरोप, त्याच्याही नावात तीच तारीख. मागं कोयत्याचा सपसप आवाज, आणि त्यात म्हातारा विचारतोय, सारा तांडा एकाच वॉर्डात हाय का? तांड्याचा ग्रुप छोटा, गुलाबाची फुलं कमी, त्यामुळं त्यांचा एक्स्पोर्ट पार 2019 पर्यंत निघाला. त्या मजकुराच्या फाइलीत तारीख, वेळ, कोणी टाकलं आणि कोणत्या नावाची फाइल जोडली, सगळं ओळीनं. वायरनं कॉपी केलं. कट नाही, कॉपी. दोनदा विचारून.

चौथी आणि पाचवी चकर हे सगळं छापून, क्रमानं लावून घ्यायची. मालक स्वतः बसला. झालेलं सांगितलं तर पोट्ट्याला ओरडला, मला चहा पाजला, फोनच्या कामाचे 300 रुपये परत देऊ लागला. मी घेतले 150. काढण्याचं काम तर त्यानं केलंच होतं.

सुनावणीत जास्त वेळ लागला नाही. समोरच्या बाजूनं पहिलाच प्रश्न केला, हा फोटो कधीचा, कशावरून? ‘गाव 1164’ घेऊन मी उभा असतो तर तिथंच बसावं लागलं असतं. नाव, मजकुराची ओळ, बाबांच्या नोटिशीचा लॅमिनेशनच्या आधीचा स्कॅन, आणि 2007 ची घरयादी. साहेबांनी मागच्या वेळचा मंजूर नकाशा आतून मागवला, आमच्या फोटोशेजारी ठेवला. तो त्यांच्याकडं होताच. पण तो आहे आणि तो पाहायचा आहे, हे आम्ही फोटो पुढं केल्यावर झालं. जनगणनेचा मुद्दा त्यांनी एका वाक्यात बाजूला ठेवला, आकडा 2011 चाच धरावा लागतो, तो बदलणं त्यांच्या हातात नाही. तेही खरंच.

शेवटी रेष पुन्हा नाल्यावर आली, पण पूर्ण नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाची सात घरं वॉर्ड 1 मध्येच राहिली, आकडे जुळवायला. त्या सात घरांत नाईकाचा सख्खा भाऊ आहे. तो आता माझ्या ठेल्यावर येत नाही, पुढच्या फाट्यावरून खर्रा घेतो.

आता दुकानाचं. स्कॅनिंगला पाचपैकी साडेचार. जुन्या फाइली उघडायला पाच. फोनच्या कामाला एक, तोही पोट्टा खरं बोलला म्हणून. लॅमिनेशनला तारा नाही. लॅमिनेशन सोडून सरासरी काढायची तर साडेतीन धरा. कागद असतील तर बिनधास्त जा, मालक असेल त्या वेळी, म्हणजे सकाळी अकराच्या आत. फोन देणार असाल तर समोर बसा आणि एकाही फाइलीचं नाव बदलू देऊ नका. आणि पेनड्राइव्ह एकच करू नका. माझा एक पेटीत आहे, एक साडूकडं वाशीमला, आणि तिसरा नाईकाच्या सुनेकडं. इंटरनेटवर टाकायचा सल्ला पुण्याच्या पुतण्यानं दिला होता. मतदारयादीत लोकांची नावं, वयं, घर नंबर आहेत, ते मी जगासमोर मांडणार नाही. नकाशे टाकीन कदाचित.

सहावी चकर मागच्या सोमवारची. नाईकाची सून सोबत होती, अर्ध्या तिकिटावर. नऊपैकी निम्म्या जागा बायांच्या, म्हणजे पाच तरी. सोडत अजून व्हायची आहे. वॉर्ड 3 मध्ये जागा कोणत्या प्रवर्गाला जाते ते माहीत नाही, पण जात वैधतेचे कागद आतापासून तयार ठेवायचे असं तिनं ठरवलंय. सासऱ्याचा शाळेचा दाखला, आजोबांच्या नावाचा एक जीर्ण कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. मालक नव्हता. पोट्ट्यानं कागद काचेवर ठेवला, आमच्याकडं पाहिलं आणि लॅमिनेशनच्या मशीनचं बटण आपणहून बंद केलं.

‘नाव काय देऊ फाइलीले?’ त्यानं विचारलं.

‘पयले आजची तारीख टाक,’ ती म्हणाली, ‘मंग माणसाचं नाव, मंग कागद कशाचा ते. आन् मंग मले वाचून दाखव.’